मराठी मिडीयममधून ऑफिसच्या इंग्रजीत, मला कुठं कुठं अडलं

मी खानापूर तालुक्यातली. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत मराठी मिडीयम, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीकॉम, आणि आता उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या डिस्पॅच ऑफिसात सहा वर्षं झाली. आमचं कास्टिंग परदेशात जातं म्हणून दिवसभर इंग्रजी मेल आणि फोन. गावाकडच्या पोरी पहिल्या इंटरव्ह्यूला निघाल्या की विचारतात, ताई ग्रामरचं कुठलं पुस्तक घेऊ? पुस्तक घ्या की, पण त्याआधी आपण जिथं चुकतो तिथं मराठीत काय म्हणतो ते बघा, माझ्या तर निम्म्याहून जास्त चुका तिथंच सापडल्या.

नवीन असताना एका कस्टमरचा फोन आला, "यू डिडन्ट सेंड द ड्रॉइंग?" मी म्हटलं, "येस." माझ्या मनात होतं, हो, नाही पाठवलं. आपल्यात कुणी "जेवली नाहीस काय?" विचारलं तर आपण "हो, नाही जेवले अजून" म्हणतो, म्हणजे समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो. इंग्रजीत तसं नाही, प्रश्न कसाही विचारू दे, पाठवलं असेल तर येस आणि नसेल तर नो. तो समजला ड्रॉइंग निघालं, दोन दिवस वाट बघत बसला आणि मग साहेबांकडं तक्रार गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी नुसतं येस किंवा नो कधीच म्हणत नाही, पूर्ण बोलते, "नो, आय हॅवन्ट सेंट इट येट." तुम्ही पण ही सवय लावून घ्याच.

दुसरं म्हणजे "पासून". मराठीत 2019 पासून पण चालतं आणि पाच वर्षांपासून पण चालतं, शब्द एकच. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स, किती काळ झाला ते सांगायचं असेल तर फॉर. आणि आपण "काम करतेय" म्हणतो म्हणून "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" तोंडात येतं, पण बरोबर आहे "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स". हे वाक्य इंटरव्ह्यूत लागतंच लागतं.

"आय ॲम फ्रॉम बेळगाव ओन्ली" हे आपला "च" बोलतो. मी बेळगावचीच. कन्नडात पण इथंच म्हणायला "इल्ले" म्हणतात, त्यामुळं आपल्या भागात मराठी असो की कन्नड, सगळ्यांच्या इंग्रजीत हा ओन्ली येतो. "आय ॲम फ्रॉम बेळगाव" एवढं पुरतं.

ए आणि ॲन मात्र सोपं आहे, स्पेलिंग बघू नका, कानानं ऐका. एसएसएलसी म्हणताना तोंडातून पहिला "ए" येतो म्हणून ॲन एसएसएलसी सर्टिफिकेट, पण ए पीयूसी स्टुडंट. अवर (तास) ला ॲन, युनिव्हर्सिटीला ए.

उसनं घेणं बॉरो, उसनं देणं लेंड. डिस्कस च्या पुढं अबाउट नको. "डिड" आलं की पुढं "वेन्ट" नाही, "गो".

शब्दांचं म्हणाल तर सगळंच चूक मानायला नको. प्रीपोन, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडं घेणं, हा आपल्याकडचा शब्द आहे, आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत पण आहे, इथल्या ऑफिसात बिनधास्त वापरा, मला तर तो आवडतोच. पण बाहेरच्या कस्टमरला "प्लीज रिव्हर्ट" लिहू नका, त्याचा मूळ अर्थ पहिल्या स्थितीत परत जाणं, "प्लीज रिप्लाय" लिहा. आणि "आय पास्ड आउट इन 2019" ऐकून त्यांना वाटतं ही चक्कर येऊन पडली, तिथं "आय ग्रॅज्युएटेड" म्हणा.

इंटरव्ह्यूत "मायसेल्फ" नं सुरुवात करू नका, "आय ॲम" म्हणून नाव सांगा. स्वतःबद्दलची पाच वाक्यं वहीत लिहा आणि बेळगावला येताना बसमध्ये हळू आवाजात म्हणत या, मी तसंच केलं होतं. एखादं वाक्य अडलं तर मला पाठवा, फक्त मराठीत मनात काय होतं ते पण शेजारी लिहा, म्हणजे कुठं चुकलं ते लगेच सांगता येतं.