किती वाजता घरी यायचं? वाढत्या मुलांची वेळ ठरवताना या चुका टाळा

सोळा ते एकोणीस वर्षांचं मूल घरात असलं की रात्री साडेनऊनंतर फोनवर ठरलेला संवाद होतो. "कुठे आहेस?" "निघालोय." "कुठपर्यंत आलास?" "पाच मिनिटांत पोचतो." मग पंचवीस मिनिटांनी लॅच वाजतं आणि दारातच खडाजंगी सुरू होते. भांडण नऊ की दहा, दहा की अकरा यावर चालतं. खरं तर दोन गोष्टी आधी ठरायला हव्यात: मूल परत कसं येणार, आणि उशीर झाला तर काय करायचं. या दोन्हींचं उत्तर असेल तर आकडा आपोआप सापडतो.

घड्याळ बघून आकडा ठरवणं

"दहाच्या आत घरात" हे वाक्य बहुतेक वेळा आपल्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांतून आलेलं असतं. आपल्याला दिवेलागणीची अट होती, म्हणून मुलांना दहा म्हणजे खूपच सूट, असा हिशेब. मूल कुठून, कशाने येणार आहे, हे त्यात कुठेच नसतं.

पुण्यातली एकांकिकेची तालीम घ्या. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि दर पावसाळ्यात कॉलेजांची मुलं त्यापायी रात्री उशिरापर्यंत अडकलेली असतात. तालीम 'नऊला संपते' असं मुलगी सांगते, ते खोटं नसतं. पण नऊला शेवटचा रन, म्हणजे पूर्ण एकांकिकेचा सलग सराव, संपतो. मग दिग्दर्शक सूचना देतो, त्याला अर्धा तास. मग लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) आणि प्रॉपर्टी (नाटकातलं सामान) उचलून ठेवायची. मग कुणीतरी चहा काढतं, आणि तिथेच उद्याचं ठरतं, त्यामुळे तो टाळता येत नाही. सदाशिव पेठेतून धायरीला जायचं तर सव्वादहा निघायलाच वाजतात. अशा मुलीला दहाची वेळ दिली तर ती रोज नियम मोडते, आणि रोज मोडला जाणारा नियम महिनाभरात कुणी मोजतही नाही. त्यापेक्षा स्पर्धा होईपर्यंत अकरा, सोबत त्याच बाजूला राहणारी दोघं-तिघं, आणि प्रयोग झाला की पुन्हा दहा, असं सरळ बोलून टाकावं. ढोलपथकाचा सराव असो किंवा क्लासनंतरची अभ्यासिका, पद्धत हीच.

हिशेब परतीपासून मागे करायचा. डोंबिवलीच्या मुलाने दादरला जेवायला जायचं असेल तर स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते, इथून सुरुवात. मुंबईत मध्यरात्रीनंतर मीटरला सव्वापट भाडं लागतं. तेवढे पैसे खिशात वेगळे आहेत का, हेही बघा. सोसायटीचं मागचं गेट अकराला बंद होतं आणि पुढच्या गेटावर वॉचमन डुलक्या घेत असतो, असली बारीक माहिती मुलांना आपल्यापेक्षा जास्त असते. त्यांना विचारा.

"अकरा म्हणजे अकरा!"

शिस्तीच्या नावाखाली होणारी ही सगळ्यात धोक्याची चूक. दहा पन्नासला जो मुलगा अजून पंधरा मिनिटं लांब आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: बोलणी खाणं किंवा गाडी पळवणं. पंधरा मिनिटांच्या उशिराला आपण जेवढी मोठी शिक्षा ठेवतो, तेवढा तो अॅक्सिलरेटर पिळणार. म्हणून नियमात सवलत आधीच शिवून ठेवा. उशीर होणार असं वाटताक्षणी फोन आला तर अर्धा तास माफ. फोनच आला नाही तर पाच मिनिटांचा उशीरसुद्धा उशीर.

आणि रात्री दारात काही बोलू नका. "जेवलास का?" एवढंच पुरे. तुम्हीही तेव्हा दोन तास काळजी करून तापलेले असता, त्या तोंडून निघालेली शिक्षा सकाळी तुम्हालाच पाळता येत नाही. महिनाभर फोन बंद, गॅदरिंग बंद, असं जाहीर करून तिसऱ्या दिवशी क्लासच्या ग्रुपसाठी फोन परत द्यावा लागतो, हे घरोघर घडतं. सकाळी चहाच्या वेळी बोला, आणि शिक्षा उशिराशी जोडलेली असू द्या: पुढच्या शनिवारी एक तास लवकर. शनिवार संपला की विषय संपला. पुढच्या भांडणात तो उकरायचा नाही.

गाडीचा प्रश्न मात्र वेळेत मिसळू नका. त्यावर वाटाघाट नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, आणि घरोघरच्या स्कूटर 100 सीसीच्या वर असतात. अठराच्या आतल्या मुलाने वाहतुकीचा गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते ती वेगळीच. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये दोन तरुण इंजिनीअरांचा जीव गेला, तेव्हा मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता. "कोपऱ्यापर्यंतच तर जातोय" म्हणून किल्ली देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याच ओघात एक वचन मुलांना द्यावं. बरोबरचा मित्र प्यायलेला असेल, किंवा तू स्वतः घेतली असशील, तर गाडीवर बसू नकोस, फोन कर. कितीही वाजलेले असोत, मी न्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. महाराष्ट्रात दारूसाठी वय 25 आणि बिअरसाठी 21 आहे, त्यामुळे मुलं हा फोन करायला कचरतातच. पहिल्यांदा फोन येईल तेव्हा परतीच्या वाटेवर गप्प बसणं फार जड जातं. बसायचं. नाहीतर दुसरा फोन येत नाही.

दादाला बारा, ताईला साडेआठ

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर मुलीला जे झेलावं लागतं ते मुलाच्या वाट्याला येत नाही. पण मुलाला मोकळं सोडण्याचं कारण त्यातून मिळत नाही. देशात रस्ते अपघातांत मरणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक पुरुष असतात. रात्री उशिरा तिघं एका गाडीवर बसून चहाला हायवेच्या टपरीवर जाणारी पोरं कोण असतात, तेही सगळ्यांना माहीत आहे.

वेळ दोघांना एकच ठेवा, सोय हवी तर वेगळी करा. स्टेशन ते घर हा शेवटचा अंधारा पट्टा असेल तर तिथे बाबा किंवा दादा न्यायला जाईल, हे ताईला न मागता मिळावं. कारण विचारलं तर खरं कारण सांगा. "शेजारचे काय म्हणतील" हे उत्तर दिलं की मुलगी नियम पाळायचं सोडून शेजाऱ्यांची नजर चुकवायला शिकते. (आणि शेजारच्या काकूंना तसंही सगळं कळतंच.)

आई एक, बाबा एक

"बाबा झोपलेत, हळूच ये" हा मेसेज ज्या घरात जातो तिथे वेळ ठरलेलीच नाही असं समजा. वाद आधी दोघांनी आपसात मिटवा. आजी जागी राहून दार उघडत असेल तर तिलाही त्यात घ्या.

दिवसभर लाइव्ह लोकेशन

व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं. आपण आठ तासांचं मागतो आणि मग ठिपका हलला नाही की फोन करत सुटतो. परतीच्या प्रवासापुरतं एक तासाचं पुरतं. निघताना "निघालो" एवढा मेसेज, सोबत कोण आहे त्यांपैकी एकाचा नंबर, आणि फोनची बॅटरी संपली तर कुणाच्या फोनवरून कळवायचं ते ठरलेलं. दर अर्ध्या तासाने "कुठे आहेस" विचारलं की मुलं ठरावीक उत्तरं तयार ठेवतात, वर ज्याची आई सारखा फोन करते त्याची ग्रुपमध्ये थट्टा होते ती वेगळी.

अठरावा वाढदिवस

काही घरांत त्या दिवशी सगळं सुटतं, काहींत काहीच बदलत नाही. कायद्याने सज्ञान झालेल्या माणसाला "परवानगी" हा शब्द बोचतो, त्यामुळे भाषा बदला: एका छपराखाली राहणारा प्रत्येक जण कधी येणार ते सांगून जातो, उशीर झाला तर कळवतो. हे बाबांनाही लागू. ऑफिसच्या पार्टीहून न कळवता एक वाजता येणाऱ्या बाबांच्या घरात मुलाला हा नियम शिकवणं अवघड आहे.

तरीही जमत नसेल तर

"सगळ्यांना परवानगी आहे, फक्त मलाच नाही" हे ऐकलं तर त्या 'सगळ्यां'पैकी दोघांच्या आयांशी बोला. बहुधा त्यांनाही हेच सांगितलेलं असतं. वेळेत येऊनही सकाळी उठवत नसेल तर रात्री दोनपर्यंत चाललेली रील्स बघा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि साडेनऊला घरी आणून ती मिळतेच असं नाही. रोजच उशीर होत असेल तर वेळ आवळण्याआधी तो कशापायी होतो ते विचारा. कधी प्रेम असतं, कधी क्लास बुडवलेला असतो, कधी घरातली भांडणं नकोशी झालेली असतात.

सणासुदीचं आधीच बोलून घ्या. नवरात्रात दांडियाचा स्पीकर एरवी दहाला आणि सरकारने सूट दिलेल्या दिवशी बाराला बंद होतो, तेव्हा त्याच वेळांवर परतीचा अर्धा-पाऊण तास चढवा. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते; तिथे वेळ देण्यापेक्षा रात्री कुणाच्या घरी थांबायचं ते पक्कं करा आणि त्या घरच्यांना स्वतः फोन करा. एकतीस डिसेंबरचं वीस तारखेलाच ठरवा, कारण त्या रात्री रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात आणि तुमचाही फोन पहिल्या झटक्यात लागत नाही.