मुंबई ते सिंगापूर: प्रवासाचे खरे तास कसे मोजायचे

माझी लेक सिंगापूरला सेंगकांगमध्ये राहते. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतून कुणी मुलांकडे निघालं की तिकीट आधी मला दाखवतात. पहिला प्रश्न ठरलेला, "विमानात किती वेळ बसायचं?"

मुंबई-सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. विमान वर गेल्यावर ताशी ८५०-९०० किलोमीटरने जातं, म्हणजे साडेचार तास. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरणं यांचा पाऊण-एक तास मिळवा. थेट विमान असेल तर साडेपाच तास धरून चाला.

तिकिटावरून ताळा करायचा तर लक्षात ठेवा, तिथे छापलेल्या वेळा ज्या-त्या गावच्या असतात. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. समजा, रात्री ११.४० ला निघून सकाळी ७.४५ ला पोहोचायचंय. वजाबाकी ८ तास ५ मिनिटं, त्यातून अडीच तास काढा; उरले ५ तास ३५ मिनिटं. परतताना अडीच तास मिळवायचे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर हेच खरे तास डॉक्टरांना सांगा आणि वेळा कागदावर लिहून घ्या.

आता तारीख, आणि इथे मी प्रत्येकाला दोनदा विचारते. विमान १५ तारखेला रात्री १२.३० चं असेल तर घरातून निघायचं १४ तारखेला संध्याकाळी. कॅलेंडरवर १४ वरच गोल करा, गाडीवाल्यालाही १४ च सांगा. १५ ला रात्री जेवून निघालात तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असेल.

वाऱ्यानेही थोडा फरक पडतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून येतात, पावसाळ्यात दक्षिण भारतावर ते पूर्वेकडून वाहतात. या मार्गावर फरक मिनिटांचाच. दिल्ली-टोकियोला मात्र हिवाळ्यात जाताना साडेसात-आठ तास लागतात आणि येताना नऊच्या पुढे जातात.

पण माझ्या मते विचारायला हवं ते घर ते घर. ११.४० च्या विमानासाठी पावणेनऊला सहारला पोहोचायचं, म्हणजे ऐरोलीची गर्दी धरून डोंबिवलीहून सव्वासहाला निघा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी करत लेकीच्या दारात साडेनऊ, आपले सात. झाले पावणेतेरा तास! गुडघे दुखणाऱ्यांनी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगावी, त्यात संकोच कसला? सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे प्रवेशासाठीचा फॉर्म, पोहोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा. सरकारी साइटवर ते फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पहाटे उतरणारं विमान घेतलंत तर तिथे जवळजवळ सातपर्यंत अंधार असतो. १९८२ पासून सिंगापूरने घड्याळ आणखी अर्धा तास पुढे नेलंय, म्हणून सूर्य उशिरा दिसतो. बारा महिने असंच.

परतीचं विमान मुंबईत रात्री दहाला टेकलं तरी बॅगा मिळून बाहेर येईपर्यंत अकरा होतात. गाडी अकराचीच सांगा.