रँच वसाहतीचा इतिहास कागदांतून कसा काढावा: सांता क्लारा खोऱ्याचं उदाहरण

कॅलिफोर्नियात सनीव्हेल, क्युपर्टिनो, पालो आल्टो या पट्ट्यात बरीच मराठी कुटुंबं ज्या बैठ्या घरांत राहतात, त्यांतली पुष्कळशी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत जर्दाळू आणि प्रूनच्या बागा तोडून उभी राहिली. एकच मजला, लांबट बांधणी, कमी उताराचं छप्पर, रस्त्याकडे गॅरेज, मागच्या अंगणात उघडणारे काचेचे सरकते दरवाजे, असं हे रँच घर. जोसेफ आयकलर या बिल्डरची घरं याच घराण्यातली, फक्त जास्त आधुनिक वळणाची. ही घरं सुटी सुटी बांधलेली नाहीत. आधी सगळ्या बागेचा ले-आउट नोंदवला गेला, मग त्यातल्या लॉटवर ओळीनं घरं चढली. म्हणून शोध घरापासून सुरू करू नका, ले-आउटपासून करा.

मालमत्ता कराच्या बिलावर पार्सल नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक, असतो, तो टिपून घ्या. मग खरेदीखत काढा. त्यात जमिनीचं वर्णन ‘लॉट अमुक, ट्रॅक्ट नंबर तमुक, नकाशांचं पुस्तक इतकं, पान इतकं’ अशा साच्यात असतं. ट्रॅक्ट म्हणजे एका नकाशात नोंदवलेला ले-आउट. हाच धागा. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) क्लार्क-रेकॉर्डर, म्हणजे दस्तनोंदणी, कार्यालयात पुस्तक आणि पान सांगितलं की ट्रॅक्टचा नकाशा मिळतो. त्याचं पहिलं पान घाईत उलटू नका. जमिनीचा मालक, कर्ज देणारी संस्था, मोजणी करणारा इंजिनिअर आणि मंजुरी देणारं मंडळ, या सगळ्यांच्या सह्या तिथेच असतात. मंजुरी शहराच्या कौन्सिलची आहे की काउंटीच्या सुपरवायझर मंडळाची, हे मुद्दाम पाहा. काउंटीची असेल तर तेव्हा ती जागा शहराच्या हद्दीबाहेर होती. मग बांधकाम परवाने शहराच्या दप्तरात सापडले नाहीत तर नवल नाही, ते काउंटीत शोधायचे.

नकाशा नोंदवल्याची तारीख म्हणजे घर बांधल्याची तारीख नव्हे. मध्ये वर्ष-दीड वर्षही जातं, आणि एकच वसाहत ‘युनिट १’, ‘युनिट २’ अशी तीन-चार नकाशांत विभागलेली असते. असेसरच्या, म्हणजे करआकारणी अधिकाऱ्याच्या, नोंदीतल्या बांधकाम-वर्षावरही डोळे मिटून विसंबू नका. मोठं नूतनीकरण झालेल्या घराला कधी कधी ‘परिणामी वर्ष’, म्हणजे नूतनीकरण धरून ठरवलेलं वर्ष, लावलेलं असतं आणि तेच खरं वर्ष म्हणून पुढे फिरत राहतं. पक्की तारीख मूळ बांधकाम परवान्यावरची, आणि त्याहून पक्की अंतिम तपासणीची. परवान्यावर बिल्डरचं नावही असतं. याच भागात जॉन मॅके यानेही आयकलरच्या घरांशी सहज गल्लत होईल अशी घरं बांधली, आणि आयकलरचे वास्तुविशारद अँशेन आणि ॲलन यांनी त्याच्यासाठीही काम केलं. त्यामुळे नुसतं रूप बघून ‘हे आयकलर’ असा शिक्का मारू नये, मग घरविक्रीच्या जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

आता मालकीची साखळी. आपल्याकडे सात-बाऱ्यावरून फेरफार क्रमांक धरत मागे जाता येतं. काउंटीतली दस्तांची जुनी सूची मात्र जमिनीच्या क्रमांकावर चालत नाही, नावांवर चालते: देणाऱ्यांची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. आजच्या मालकाचं नाव घेणाऱ्यांत शोधायचं, त्याला देणारा कोण ते पाहायचं, मग तो घेणारा कधी झाला ते शोधायचं, असं बागेच्या मालकापर्यंत जायचं. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: बिल्डरचं नावच सापडत नाही. कारण जमीन बऱ्याचदा टायटल कंपनीच्या (मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपनीच्या) नावावर विश्वस्त म्हणून ठेवलेली असे, किंवा त्या एका प्रकल्पापुरती वेगळी कंपनी काढलेली असे. अशा वेळी ट्रॅक्टच्या नकाशावरच्या सह्यांतली नावं घेऊन पुन्हा सूचीत बसा.

याच साखळीत वसाहतीच्या अटी-शर्तींचा दस्त हाती लागतो आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यावा, असं आमचं मत आहे. कुंपण किती उंच, घर रस्त्यापासून किती आत, कोंबड्या पाळायच्या की नाहीत, हे सगळं त्यात असतं. १९४० च्या दशकातल्या बऱ्याच दस्तांत आणखी एक कलम असतं: गोऱ्यांखेरीज कोणी इथे राहायचं नाही, घरकामाला ठेवलेला नोकर सोडून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालाने अशी कलमं न्यायालयामार्फत बजावता येईनाशी झाली, पण घर विकताना वर्णभेद करण्यावर देशभर बंदी यायला १९६८ उजाडलं. आयकलरने खरेदीदारात वर्णभेद केला नाही, आणि याच मुद्द्यावर त्याने १९५८ मध्ये बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. भारतीय माणसाचा प्रश्न वेगळाच होता. भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाच्या १९२३ च्या खटल्यानंतर तो नागरिकत्वालाच अपात्र ठरला आणि अशा अपात्र परकीयांना शेतजमीन घेऊ न देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या परकीय-जमीन कायद्याच्या कचाट्यात आला. नागरिकत्वाचं दार १९४६ मध्ये उघडलं. २०२१ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार काउंट्या ही कलमं काळी करत आहेत. तेव्हा दस्तातली एखादी ओळ झाकलेली दिसली तर दस्त क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा.

बाग ते वसाहत हा बदल डोळ्यांनी पाहायचा तर जुनी हवाई छायाचित्रं काढा. सांता बार्बराच्या विद्यापीठाचा संग्रह आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचं संकेतस्थळ, दोन्हीकडे शोधा. दर चार-पाच वर्षांचं एक अशी तीन छायाचित्रं पुरतात. झाडांच्या ठिपक्यांच्या रांगा, मग नुसता रस्त्यांचा सांगाडा, मग छपरं. पालो आल्टोतल्या फेअरमेडो या आयकलर वसाहतीचे गोल गोल रस्ते तर वरून लगेच ओळखू येतात.

राहायला कोण आलं, यासाठी जनगणनेचा उपयोग मर्यादित आहे. घरनिहाय नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात: १९५० च्या २०२२ मध्ये झाल्या, १९६० च्या २०३२ मध्ये होतील. क्युपर्टिनोची फेअरग्रोव्ह ही आयकलर वसाहत १९६०-६१ ची, म्हणजे तिथले बहुतेक रहिवासी एप्रिल १९६० च्या जनगणनेतही नसणार. त्यांच्यासाठी १९७० च्या नोंदी खुल्या होईपर्यंत, म्हणजे २०४२ पर्यंत, थांबणंच आलं. मधल्या काळासाठी ग्रंथालयातल्या शहर-डिरेक्टऱ्या पाहा. रस्त्यानुसार लावलेल्या भागात घरक्रमांकापुढे रहिवाशाचं नाव मिळतं, ते घेऊन नावांच्या भागात गेलात तर बहुधा व्यवसायही कळतो. लॉकहीड या विमान कंपनीचा क्षेपणास्त्र विभाग १९५६ मध्ये सनीव्हेलला आला, त्याच्या आधीची आणि नंतरची डिरेक्टरी शेजारी ठेवा. वर्तमानपत्रांत शोधताना वसाहतीचं नाव टाकून भागत नाही, जुन्या छपाईची अक्षरं संगणकाला चुकीची लागतात. रस्त्याचं नाव, ‘व्हेटरन्स’ आणि ‘मॉडेल होम’ असे शब्द वेगवेगळे टाकून पाहा. सैनिकांना १९४४ च्या कायद्याने स्वस्त गृहकर्ज मिळे, त्यामुळे जाहिराती त्यांनाच हाका मारत.

शेवटी घर. मूळ संडास शिल्लक असेल तर टाकीचं झाकण उचलून उलटं करा. आतल्या बाजूला चिनीमातीत उठवलेली भट्टीची तारीख असते. ती घराच्या आधी काही महिन्यांची निघते. टाकी आणि झाकण दोन्हींच्या तारखा जुळतात का पाहा, फुटलेलं झाकण पुढे कधीतरी बदललेलं असू शकतं. आयकलर घरात फरशीखालच्या काँक्रीटमध्ये गरम पाण्याच्या नळ्या असतात. कोरियन युद्धात तांब्याची टंचाई होती, म्हणून पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच घरांत त्या लोखंडी आहेत. नळ्या गंजून फुटल्या की लोक ती व्यवस्था बंद करून दुसरं हीटिंग बसवतात. चालू असेल तर थंड सकाळी हीटिंग सुरू करून थर्मल कॅमेऱ्याने फरशी पाहा, नळ्यांची वळणं स्पष्ट उमटतात. जमिनीत खिळा किंवा ड्रिल घालण्याआधी हे कराच. कार्पेटखाली नऊ इंची चौरस टाइल लागली तर खरवडू नका. तिच्यात आणि खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तुकडा प्रयोगशाळेकडून तपासून घ्या.

मूळ आराखडा हवा असेल तर आयकलरच्या वास्तुविशारदांपैकी क्लॉड ओकलंडची कागदपत्रं बर्कलीच्या विद्यापीठात आणि ए. क्विन्सी जोन्सची लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आहेत. सापडलेला आराखडा आरशातल्यासारखा उलटा दिसला तर चुकीचा समजून बाजूला टाकू नका. एकच आराखडा शेजारच्या लॉटवर उजवा-डावा फिरवून बांधायची पद्धतच होती.