करवलीचा मेकअप: घरच्या लग्नात या चुका टाळा

नवरीसाठी पार्लरवाली येते. करवलीच्या वाट्याला येतो कार्यालयातल्या खोलीतला एकुलता एक आरसा, त्यात डोकावणाऱ्या चार बहिणी आणि दाराबाहेरून "अगं, आवरलं का?" अशी हाक. आमच्याकडच्या लग्नांत बहिणी-भाच्यांचे चेहरे रंगवायचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं. त्यामुळे तिथे काय बिघडतं, हे आता पाठ झालंय. सुरुवात माझ्याच फजितीपासून करते.

मावसबहिणीचं लग्न भर दुपारचं. मी एसपीएफ ५० चं सनस्क्रीन दोनदा थापलं, वर फाउंडेशन आणि त्यावर बारीक पांढरी पावडर. आरशात छान दिसत होतं. फोटो आले तेव्हा मान सावळी आणि चेहरा थेट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा! सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि पावडरमधली सिलिका फ्लॅशचा उजेड सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकतात. साध्या उजेडात ते कळतच नाही. म्हणून खोलीबाहेर पडण्याआधी दिवे बंद करून फ्लॅशवर एक फोटो काढून बघा. चेहरा पांढरा आला तर ओला करून घट्ट पिळलेला स्पंज हलकेच दाबत फिरवा, जादाची पावडर निघून येते. गोरज मुहूर्त असेल आणि अंधार पडल्यावरच फोटो व्हायचे असतील तर सनस्क्रीनला सुट्टी द्या. दुपारचं लग्न असेल तर पांढरट थर न ठेवणारं निवडा आणि पावडर फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर लावा.

शेड चुकणं हा सगळ्यात जुना रोग. दुकानातली मुलगी हाताच्या पाठीवर फाउंडेशन लावून दाखवते आणि वर "थोडं उजळ घ्या ना मॅडम, लग्न आहे" म्हणते. हाताचा रंग वेगळा, चेहऱ्याचा वेगळा, आणि तिथले दिवे तर तिसरेच. जबड्यापासून मानेकडे तीन शेडच्या तीन रेघा ओढा, दुकानाबाहेर उन्हात या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. काही फाउंडेशनं लावल्यावर जरा वेळाने गडद होतात, तेही त्यात कळतं. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. एक शेड उजळ घेतलं की सावळ्या चेहऱ्यावर गोरेपणा येत नाही, राख फासल्यासारखी कळा येते. माझ्या आत्याने एकीला भर मंडपात ऐकवलं होतं, "चेहरा कुठला नि मान कुठली, एकाच माणसाची आहेत ना?" आत्या तिखट आहे, पण चूक नव्हती.

हळद मात्र कुणाच्या हिशेबातच नसते. नवरीला लावून झाली की उरलेली करवलीच्या गालावर जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या कातडीवर नेहमीचं फाउंडेशन भलतंच दिसतं. मग तिथेच घाईत बहिणीचं गुलाबीसर शेड घेतलं जातं, म्हणजे चुकीवर चूक. हळदीआधी चेहऱ्याला, विशेषतः भुवया आणि केसांच्या कडेला, खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. काढतानाही आधी तेलच लावा, कारण हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेलाच्या बोळ्याने पुसा, मग सौम्य फेसवॉश. अंगाचा साबण खसाखसा चोळलात तर डाग लालसर पडतो. चुन्यासारखा क्षार मिळाला की हळद लाल होते, कुंकू तसंच तर करतात! घासून कातडी मात्र सोलू नका, तिच्यावर उद्या मेकअप बसायचाय.

घामावर पावडर मारणं ही तर मे महिन्यातली राष्ट्रीय सवय. कोकणात दमट दुपारी नाक चमकलं की डबी निघते, पफ फिरतो, आणि तासाभरात नाकाच्या बाजूला पोपडे धरतात. आधी टिशूने घाम टिपा, मगच पावडर. आणि टिपायचं म्हणजे दाबायचं, पुसायचं नाही. थंडीतल्या लग्नात याच्या उलट, कोरड्या गालांवर फाउंडेशनला भेगा पडतात. तिथे मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं दम धरा. घाईत एकावर एक थर चढवले की खोडरबराचा चुरा निघावा तशा वळ्या सुटतात.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर थेट उजळ कन्सीलर (डाग झाकायचं घट्ट क्रीम) लावला की ती करडी दिसतात. आधी नारिंगी करेक्टरचा, म्हणजे काळेपणा मारणाऱ्या रंगीत क्रीमचा, अगदी पातळ हात द्या.

काजळाबद्दल जरा सविस्तर सांगते. लाजाहोमाचा धूर कुणालाच सोडत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी तर करवली कऱ्हादिवा धरून नवरीच्या मागे उभी, म्हणजे दोन्ही हात अडकलेले. डोळ्यांतून पाणी आलं तरी पुसता येत नाही. काजळ पसरतं ते बहुधा खालच्या पापणीजवळ क्रीम किंवा कन्सीलरचा तेलकटपणा राहिल्यामुळे. तिथे टिशू दाबा, किंचित पावडर लावा, मग काजळ घाला आणि बारीक ब्रशने त्याच रंगाची आयशॅडो त्यावर बसवा. ओघळलंच तर बोटाने चोळू नका, टिशूच्या टोकाने टिपा. आणि एकच काजळ चार बहिणींच्या डोळ्यांत फिरवू नका. एकीचे डोळे आलेले असतील तर लग्नघरात सगळ्याच लाल डोळ्यांनी फिरतील. मस्काराचंही तेच. शिवाय तो उघडून तीन महिने झाले असतील तर टाकूनच द्या, मग कितीही महाग असो.

टिकलीकडे कुणी मेकअप म्हणून बघतच नाही. नऊवारीवर कोरडं कुंकू लावणार असाल तर ते मेकअपच्या थरावर धड टिकत नाही, दुपारपर्यंत नाकावर सांडतं. आज्या आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू. तो उपाय आजही चालतो. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात काही वेळा पीटीबीपी नावाचं रसायन असतं, त्याने काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटली, कपाळ लाल झालं की "सवय होईल" म्हणत तीच टिकली लावत राहू नका. थांबवा, आणि डाग दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग आदल्या दिवशी नको, तीन-चार दिवस आधी उरकून घ्या. नवं काहीही कानामागे लावून दोन दिवस वाट बघा.

रात्री पाठवणी झाली, रडून झालं, आणि मग कार्यालयाच्या गादीवर तशीच आडवी होणारी करवली मी दर लग्नात बघते. वेट वाइपने काजळ निघत नाही, गालभर फिरतं फक्त. वॉटरप्रूफ असेल तर तेलाचा बोळा मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता ठेवा, मग खाली ओढा. मुरुमं येणाऱ्यांनी खोबरेल तेल चेहऱ्यावर फार वेळ ठेवू नये, त्यांच्यासाठी मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रव, बरं. आणि हे सगळं अंबाड्यातल्या पिना काढायच्या आधी करा. पिना काढून होईपर्यंत निम्म्या जणी घोरायला लागलेल्या असतात.