परतीचा पाऊस सरला, आता खोडं बघून घ्या

ऑक्टोबरची उन्हं तापू लागली की आंबा-चिकूच्या खोडावर मातीचा पापुद्रा चढतो. नखाने खरवडून बघा. आत पांढुरकी उधई, म्हणजे वाळवी, पळताना दिसली, तर ती बहुधा वारूळवाली, शास्त्रीय नाव ओडोंटोटर्मिस ओबेसस. ऊन आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती मातीच्या छपराखालूनच चालते. जुन्या झाडाची ती बहुतेक मेलेली सालच खाते, त्यामुळे घाबरू नका. दोन-तीन वर्षांच्या कलमाला मात्र ती बुडापासून पोखरते.

तिचं बिऱ्हाड बांधावर, पडीक रानात, कंगोऱ्यांच्या वारुळात. खाल्लेल्या लाकडाची विष्ठा रचून तिच्यावर ती बुरशी पिकवते आणि त्या बुरशीवर सगळं कुटुंब पोसतं. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी त्याच बुरशीची. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि तिथली अळमी भाव खाऊन जातात! माळावरचं असं वारूळ असू द्या. बागेला खेटून असेल तरच हात घाला, पण नुसता माथा फोडून उपयोग नाही. राणी खाली शाबूत असेल तर माती पुन्हा चढते. खणताना सापाचं भान ठेवा.

बहुतेक वेळा उधईला आवतण आपणच देतो. अर्धकच्चं शेणखत, कलमाच्या बुंध्याला चिकटवलेलं गवताचं आच्छादन, आधाराला रोवलेली वाळकी काठी. खत पूर्ण कुजलेलंच घाला, आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, काठी पोखरलेली दिसली की बदला.

पापुद्रा गोणपाटाने पुसून काढा आणि जमिनीपासून दोन-तीन फूट बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. जळकं ऑइल फासू नका, सालीला इजा होते.

पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या) उसात उधई लागली की बेणं कापलेल्या टोकातून पोकळ होऊन आत माती भरते, डोळे उगवतच नाहीत. गव्हाचं पिवळं पडलेलं रोप ओढलं की अलगद हातात येतं. पाण्याचा ताण पडलेल्या रानात हे जास्त, म्हणून पाण्याची पाळी चुकवू नका. जिथे दरवर्षी त्रास होतो तिथे कुजलेल्या खतात मेटारायझियम (किडी मारणारी बुरशी) मिसळून ओल असताना सरीत द्या. क्लोरपायरीफॉस हे रासायनिक कीटकनाशक शेवटी, तेही लेबलवर तुमचं पीक आणि मात्रा वाचून, लागलेल्या जागेपुरतंच. अख्ख्या रानात ओतलं तर गांडुळंही मरतात.