कॅथलिक बोर्डाने शाळेची बाउंड्री बदलायला काढली तर काय करायचं (ऑन्टारिओवाल्यांसाठी)

मार्च ब्रेकच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी बोर्डाकडून, म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळाकडून, ईमेल आला होता, विषय ‘अटेंडन्स एरिया रिव्ह्यू अपडेट’, म्हणजेच बाउंड्री, कुठल्या घरांची मुलं कुठल्या शाळेत हे ठरवणारी हद्द. मी तो न उघडताच उडवला, कारण असल्या नावाच्या ईमेलमध्ये आपल्या कामाचं काही असेल असं कोणाला वाटतं? तीन आठवड्यांनी समोरच्या घरातल्या बाईने व्हॉट्सॲपवर नकाशा टाकला तेव्हा कळलं की नवी लाल रेघ आमच्या रस्त्याच्या बरोबर मधून जातेय, म्हणजे तिची मुलं जुन्या शाळेत आणि माझी दोन किलोमीटर लांबच्या. त्या धावपळीत जे शिकले ते एकदाचं लिहून ठेवते. वसईकडचे बरेच लोक इथे कॅथलिक शाळेत मुलं घालतात, आणि हायस्कूलला तर कॅथलिक नसलेली आपली मराठी मुलंही असतात, तेव्हा कोणाला ना कोणाला उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी, भारतातून नवीन आलेल्यांसाठी. इथली कॅथलिक शाळा म्हणजे आपल्याकडची कॉन्व्हेंट नव्हे. ती सरकारी पैशावर चालते, फी नाही, आणि तिचे हक्क १८६७ च्या घटनेपासून आहेत. इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक, फ्रेंच कॅथलिक अशा चार वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि त्यात इंग्रजी कॅथलिक बोर्डंच २९. आठवीपर्यंत साधारणपणे मुलाचा किंवा आईवडलांपैकी एकाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. हायस्कूलला ती अट नाही, १९८० च्या दशकात कॅथलिक हायस्कूलना पूर्ण सरकारी पैसा मिळायला लागला तेव्हापासून ती सगळ्यांना खुली आहेत. तर बाउंड्री बदलली की फटका दोघांनाही.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे आलेली नोटीस शाळा बंद करायची आहे की बाउंड्री बदलायची, हे आधी ओळखा, कारण दोन्हीचे नियम फार वेगळे आहेत. शाळा बंद करायला प्रांताची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, प्युपिल अकोमोडेशन रिव्ह्यू म्हणतात त्याला. त्यातही जून २०१७ मध्ये सरकारने नव्या शाळाबंदीवर स्थगिती आणली आणि पुढे सरकार बदललं तरी ती चालूच राहिली, त्यामुळे सगळे निवांत असतात, आमची शाळा काय बंद होत नाही म्हणून. बाउंड्रीचा बदल मात्र या तत्त्वांत येतच नाही, तो प्रत्येक बोर्ड स्वतःच्या पॉलिसीने करतं, किती मीटिंगा घ्यायच्या, किती दिवसांची नोटीस द्यायची, सगळं त्यांचं त्यांनी ठरवलेलं. शाळेची बाउंड्री आक्रसत गेली, मग सातवी-आठवी दुसरीकडे हलवली, मग फ्रेंच इमर्शन (फ्रेंचमधून शिकवायचे वर्ग) काढलं, की राहतं काय? तांत्रिकदृष्ट्या काहीही बंद झालेलं नसतं. एखादी इयत्ता हलवताना त्यात शाळेची निम्म्यापेक्षा कमी मुलं असतील तर तोही बंदीचा रिव्ह्यू धरत नाहीत, आणि त्याच हद्दीत नवी इमारत बांधून जुनी पाडायची असेल तरी नाही. म्हणून प्लॅनिंग डिपार्टमेंटला पहिल्याच दिवशी लेखी विचारा की हे नक्की कुठल्या पॉलिसीखाली चाललंय, आणि त्या पॉलिसीची पीडीएफ मागा. फोनवर गोड बोलतात, पण फोनवरचं काही हातात राहत नाही.

पॉलिसी हातात आली की आकडे. रिपोर्टमध्ये एक शब्द सतत येईल, ‘ऑन द ग्राउंड कपॅसिटी’, म्हणजे पक्क्या इमारतीत मावणारी मुलं. हिशोब ठरलेला आहे: किंडरगार्टनच्या वर्गाला २६, बाकी एलिमेंटरी वर्गाला २३, हायस्कूलच्या वर्गाला २१. पोर्टेबल, म्हणजे अंगणात ठेवलेल्या तात्पुरत्या वर्गखोल्या, यात धरत नाहीत. समजा शाळेत १८ साधे वर्ग आणि २ किंडरगार्टनचे, तर १८ गुणिले २३ म्हणजे ४१४, अधिक ५२, एकूण ४६६. मुलं २९० असली तर वापर ६२ टक्के, आणि बोर्डाच्या भाषेत ती शाळा ‘रिकामी’. शेजारच्या शाळेची कपॅसिटी ४१४ आणि मुलं ५५९ असली तर १३५ टक्के, तिथे अंगणात सहा-सात पोर्टेबल उभे. बोर्ड म्हणणार, भरलेल्या शाळेतली मुलं रिकाम्या शाळेत. कागदावर बरोबरच आहे की, यात कोणी खलनायक नाहीये.

पण त्याच तक्त्यात पाच-दहा वर्षांचा अंदाज असतो आणि खरी मेख तिथे असते. तुमच्या भागात नवीन टाउनहाउसची साईट मंजूर झालीय का, ती अंदाजात धरलीय का, बघा. आमच्या वेळी एका बाबाने सिटीच्या वेबसाइटवरून मंजूर झालेल्या अर्जांची यादी काढली आणि रिपोर्टशी जुळवली, एक अख्खी साईट सुटली होती. त्याने आवाज चढवला नाही, फक्त दोन तक्ते शेजारी शेजारी लावून ईमेल केला, आणि पुढच्या आवृत्तीत आकडे बदललेले आले. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या ईमेलचा, दीडशे सह्यांच्या अर्जापेक्षाही.

नकाशा मोठा करून बघा. स्क्रीनवर नको, प्रिंट काढा, हायलायटर घ्या आणि आपल्या घरापासून नव्या शाळेपर्यंत खरोखर चालत जा, तेही सकाळी आठच्या सुमाराला. आम्ही जानेवारीतल्या जुन्या फोटोंतून एक शोधून काढला, त्यात मधल्या चार पदरी रस्त्याच्या एका बाजूला फुटपाथच नव्हता आणि दुसऱ्या बाजूला नांगराने ढकललेल्या बर्फाचा कमरेएवढा ढीग. क्रॉसिंग गार्डही नव्हता. आणखी एक गोष्ट, रेघ रस्त्याच्या मधोमध जात असेल तर ती घरांच्या मागच्या कुंपणावरून न्यायला सांगा, म्हणजे समोरासमोरची मुलं एकाच शाळेत जातात. प्लॅनिंगवाल्यांना यात काही नवल वाटत नाही, वीस-तीस घरांचा फरक पडतो आणि त्यांच्या टक्केवारीत काही हलत नाही. आमची रेघ अशीच सरकली.

बोलायची वेळ कधी, तर लवकर. स्टाफचा पहिला रिपोर्ट यायच्या आधी किंवा आल्या आल्या. फायनल रिपोर्ट छापून झाल्यावर दोनशे माणसं घेऊन मीटिंगला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. शाळाबंदीचा पूर्ण रिव्ह्यू असेल तर मात्र प्रांताच्या तत्त्वांप्रमाणे वेळ मिळतो: पहिल्या रिपोर्टमध्ये किमान तीन पर्याय, त्यात ‘आहे तसंच ठेवा’ हा एक हवाच, किमान तीन सार्वजनिक सभा, फायनल रिपोर्ट लागल्यावर लोकांनी बोलायच्या आधी किमान १० कामाचे दिवस आणि त्यानंतर मतदानाआधी आणखी १०. प्रक्रिया पाळली नाही असं दाखवता आलं तर निर्णयानंतर ३० दिवसांत मिनिस्ट्रीकडे रिव्ह्यूची मागणी करता येते, त्याला शाळेच्या पटाच्या किमान ३० टक्के सह्या लागतात. पण तिथे फक्त एवढंच तपासतात की बोर्डाने आपलीच पॉलिसी पाळली का. निर्णय चूक की बरोबर यात कोणी शिरत नाही.

आणि निर्णय घेणार कोण हेही बघून घ्या. एरवी बोर्डावर निवडून आलेले ट्रस्टी घेतात. पण जून २०२५ मध्ये प्रांताने टोरोंटो कॅथलिक आणि डफरिन-पील कॅथलिकसकट काही बोर्डांवर सुपरवायझर बसवला, आणि असं झालं की ट्रस्टींचे अधिकार त्याच्याकडे जातात. मग तुमच्या ट्रस्टीला भावनिक ईमेल पाठवून काही हाती लागत नाही. सुपरवायझरला, प्लॅनिंगला आणि तुमच्या आमदाराला, म्हणजे एमपीपीला, एकत्र लिहा.

सभेत बोलायला डेलिगेशन म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं, त्याला मुदत असते, आणि आम्हाला पाच मिनिटं मिळाली होती. तुमच्याकडे वेगळी असतील, विचारून घ्या. पाच मिनिटांत शाळेचा इतिहास, आमची मुलं किती रडली, कर आम्हीच भरतो वगैरे सांगत बसलात तर समोरची माणसं नम्रपणे माना हलवतात आणि घंटा वाजते. एक मागणी, एक फोटो, एक आकडा, बस. चार जण जाणार असाल तर मुद्दे वाटून घ्या: एकाने रस्ता, एकाने अंदाजाचे आकडे, एकाने भावंडं, एकाने बस. आणि कृपा करून शेजारच्या शाळेतल्या मुलांबद्दल ‘तसली मुलं’ छापाचं बोलू नका, आमच्याकडे एकाने ते केलं आणि खोलीतली हवाच गेली.

भावंडांचा मुद्दा सगळ्यात जिव्हाळ्याचा. ‘ग्रँडफादरिंग’ म्हणजे आता शाळेत असलेल्या मुलांना तिथेच संपवू देणं. हे बोर्ड बरेचदा देतं, पण नीट वाचा की धाकट्या भावंडाला लागू आहे का, आणि बस मिळणार का. माझा मुलगा तेव्हा सहावीत, मुलगी सीनियर किंडरगार्टनमध्ये. पहिल्या मसुद्यात आठवीपर्यंत राहायची सवलत फक्त सहावी-सातवीच्या मुलांना होती, म्हणजे सप्टेंबरपासून एकाच वेळेला दोन शाळांच्या दारात मी. आमच्या बाजूची रेघ सरकली म्हणून मी सुटले. मागच्या रस्त्यावरच्यांना भावंडांची परवानगी मिळाली पण बसशिवाय, आणि ते अजून गाडीने सोडतायत.

कॅथलिक घरांसाठी एक वेगळी कटकट असते जी बोर्डाच्या कागदात कुठेच नसते. दुसरीत पहिला कम्युनियन, सातवी-आठवीत कन्फर्मेशन, आणि याची तयारी शाळा आणि पॅरिश मिळून करतात. शाळेची हद्द आणि पॅरिशची हद्द एकच असेल असं नाही. शाळा बदलली म्हणून चर्च बदलत नाही, पण नव्या शाळेत सगळी तयारी दुसऱ्या पॅरिशच्या तारखांप्रमाणे चालते आणि तुमचं मूल अधांतरी. बदल व्हायच्या वर्षी मूल दुसरीत किंवा सातवी-आठवीत असेल तर उन्हाळ्यातच आपल्या पॅरिश ऑफिसमध्ये जाऊन नाव घाला, शाळा कळवेल म्हणून थांबू नका.

नवीन सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, घर घेणाऱ्यांनो, खरेदीच्या करारात एक छोटं कलम असतं की मुलांना जवळच्या शाळेत जागा मिळेलच असं नाही, बाहेरच्या शाळेत बसने पाठवू शकतो. एंट्रीला बोर्डाची पाटीही असते तशीच. सेल्स ऑफिसमधला माणूस नकाशावर शाळेची हिरवी जागा दाखवतो, ती फक्त राखीव जमीन असते. इमारतीला प्रांताचा पैसा मंजूर व्हायला वर्षं जातात, तोवर मुलं ‘होल्डिंग स्कूल’मध्ये, आणि नवी शाळा उघडली की परत एकदा बाउंड्रीचा खेळ.

ट्रस्टींसाठी मतदान दर चार वर्षांनी म्युनिसिपल निवडणुकीबरोबर असतं, पुढचं २६ ऑक्टोबर २०२६ ला. कॅथलिक ट्रस्टीला मत द्यायचं तर तुमचं नाव सेपरेट (म्हणजे कॅथलिक) स्कूल सपोर्टर म्हणून लागलेलं पाहिजे, नाहीतर आपोआप इंग्रजी पब्लिकमध्ये धरतात. फॉर्म एमपॅकचा, म्हणजे घरांचं करासाठी मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा आहे. टॅक्स दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे पैशाचा काही संबंध नाही, फक्त मताचा.

शेवटचं, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं. शाळेच्या आधीचं-नंतरचं डेकेअर नव्या शाळेत आपोआप मिळत नाही, ते बरेचदा वेगळी संस्था चालवते आणि तिची वेटिंग लिस्ट वेगळी. बदल पक्का व्हायची वाट बघू नका, नकाशाचा पहिला मसुदा आला त्याच दिवशी दोन्ही शाळांच्या डेकेअरला नाव टाका. नको झालं तर काढता येतं.