संपलाय की नुसता स्लंपमध्ये आहे? जुन्या हिटरचा परफॉर्मन्स कसा तपासायचा

एप्रिल संपत आला की दरवर्षी तेच सुरू होतं. बेसबॉल टीममधला ३५-३६ वर्षांचा लाडका हिटर (बॅटिंग करणारा) .१९० च्या बॅटिंग ऍव्हरेजवर अडकलेला असतो, अर्धे फॅन्स म्हणतात संपला हा, बसवा बेंचवर, आणि उरलेले म्हणतात अरे थांबा, एवढा मोठा प्लेयर आहे, येईल परत. दोघंही मनापासून बोलतात पण पुरावा कोणाकडेच नसतो, एकाकडे राग असतो आणि दुसऱ्याकडे जुन्या आठवणी. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण ज्या माणसाने आपल्याला दहा-बारा वर्षं आनंद दिला त्याच्याबद्दल बोलताना निदान नीट बघून तरी बोलावं ना. तर मी कसं बघतो ते लिहितो.

सगळ्यात आधी डेव्हिड ऑर्टिझ आठवा. २००९ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सकडून खेळताना २० मे पर्यंत त्याचा एकही होम रन (बॉल थेट कुंपणाबाहेर) नव्हता, बॅटिंग ऍव्हरेज .२०० च्या आसपास घुटमळत होतं, लोकांनी त्याला मोडीत काढलं होतं. सीझन संपला तेव्हा २८ होम रन. पुढच्या एप्रिलमध्ये परत .१४३, परत तोच आरडाओरडा, आणि २०१० संपताना ३२ होम रन. मग २०१६ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, शेवटच्या सीझनला .३१५, ३८ होम रन, १२७ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या रन्स). म्हणजे लोकांनी निरोप दिल्यावर हा माणूस आणखी सात वर्षं खेळला!

म्हणून पहिला नियम, किती बॅटिंग झालीय ते आधी मोजा. खरोखर .२७० चा असलेला हिटर ५० ऍट-बॅट्समध्ये (फुकट बेस मिळालेल्या सोडून बॅटिंगच्या पाळ्या) .२०० वर जाणं किंवा .३४० वर जाणं यात काहीच विशेष नाही, नुसत्या योगायोगाने होतं ते. (क्रिकेटच्या ऍव्हरेजशी गल्लत करू नका, इथे .२७० म्हणजे शंभर ऍट-बॅट्समध्ये सत्तावीस हिट्स, म्हणजे सत्तावीस वेळा बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं.) पण सगळेच आकडे इतके चंचल नसतात. स्ट्राइकआऊटचं (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचं) प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्समध्येच (सगळ्या धरून पाळ्या) बऱ्यापैकी बोलायला लागतं, वॉकला (पिचरने चार बॉल बाहेर टाकल्यावर फुकट मिळणारा बेस) १२० च्या आसपास लागतात, आणि बॅबिप, म्हणजे होम रन सोडून मैदानात पडलेल्या बॉल्सपैकी किती हिट झाले, त्याला आठशेच्या वर बॉल्स लागतात, जे एका सीझनमध्ये होतही नाहीत. त्यामुळे मेच्या सुरुवातीला ऍव्हरेज बघूच नका, स्ट्राइकआऊट बघा. ते गेल्या तीन वर्षांइतकेच असतील तर शांत रहा, एकदम वाढले असतील तर पुढचं तपासायला घ्या.

आता खरा भाग, मॅच बघताना डोळ्यांनी काय बघायचं.

वय झालं की सगळ्यात आधी फास्टबॉलवर कळतं. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल प्लेटपर्यंत, म्हणजे हिटरपर्यंत, यायला साधारण ०.४ सेकंद लागतात, त्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट आणायची, आणि बॅट जराशी जरी हळू झाली तरी हिटरला निर्णय थोडा आधी घ्यावा लागतो. म्हणून हिटर राइट-हँडेड असेल तर त्याचे फाऊल (रेषेबाहेर गेलेले फटके) कुठे जातायत ते बघा. सरळ मागे जात असतील तर टायमिंग बरोबर आहे, बॅट फक्त किंचित खालून लागली, हे चांगलं लक्षण. पण मधोमध आलेल्या फास्टबॉलवर सारखे पहिल्या बेसच्या बाजूच्या स्टँड्समध्ये फाऊल जात असतील तर तो उशिरा पोचतोय. (लेफ्टी असेल तर उलटं, तिसऱ्या बेसची बाजू.) काऊंट (बाहेरचे बॉल आणि स्ट्राइक यांचा हिशोब) २-० किंवा ३-१ असताना तर नक्की बघा, कारण तिथे त्याला फास्टबॉल येणार हे माहीत असतं, आणि माहीत असूनही उशीर होत असेल तर मला काळजी वाटते.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली आहे आणि बहुतेक लोकांची इथेच चूक होते. उशीर होतोय हे अनुभवी हिटरला आपल्या आधी कळतं, मग तो अंदाज बांधून स्विंग लवकर सुरू करतो. त्यामुळे फास्टबॉल परत लागायला लागतो, चार दिवस आपल्याला वाटतं आला फॉर्ममध्ये, पण बाहेर खाली पडणाऱ्या स्लायडरवर (फास्टबॉलपेक्षा हळू, वळणाऱ्या बॉलवर) तो आता थांबूच शकत नाही कारण बॅट आधीच निघालेली असते. ज्या माणसाने पूर्वी तो बॉल सोडला असता तो आता त्याच्यावर झोपून बॅट घालतोय किंवा शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे) हळूच ग्राउंड बॉल मारतोय, असं दिसलं की लोक म्हणतात पेशन्स गेला याचा, डोळा गेला. डोळा बहुतेक वेळा गेलेला नसतो, बॅट हळू झालेली असते आणि ती भरून काढायची किंमत तो स्लायडरवर मोजत असतो.

तिसरं, समोरचा पिचर काय टाकतोय ते बघा. दुसऱ्या टीमचे स्काऊट्स आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बारकाईने बघत असतात, आणि पूर्वी ज्याला झोनच्या (स्ट्राइक धरतात त्या चौकटीच्या) बाहेरच बॉल टाकायचे त्याला आता पहिल्याच पिचला वरच्या बाजूला फास्टबॉल बिनधास्त येत असेल तर त्यांचं मत तुम्हाला तिथेच कळलं. वॉक कमी होण्याचं कारण पण पुष्कळदा हेच असतं.

आता आकडे. २०१५ पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) स्टॅटकास्ट ही बॉल आणि प्लेयरचा वेग वगैरे मोजणारी यंत्रणा आहे आणि ते सगळ्यांना फुकट बघता येतं, त्यामुळे आता अंदाजपंचे बोलायचं कारण नाही. ९५ मैल किंवा त्याहून जोरात मारलेल्या बॉलला तिथे हार्ड-हिट म्हणतात, त्याचं प्रमाण बघा. २०२४ पासून बॅट स्पीड पण मिळतो, लीगचं ऍव्हरेज ७२ मैलांच्या आसपास असतं. पण दुसऱ्याशी तुलना करू नका, त्याच प्लेयरची गेल्या वर्षाशी करा, हे फार महत्त्वाचं. मुळातच हळू बॅटवाला पण अचूक मारणारा हिटर असतो तो तसाच खेळतो, त्याला ७० वर बघून घाबरायचं कारण नाही, पण ७५ वाला ७२ वर आला तर विचार करा.

बॅबिपबद्दल एक सावधगिरी. लीगमध्ये ते साधारण .२९० ते .३०० असतं आणि कोणाचं .२४० दिसलं की लोक लगेच बॅड लक म्हणून मोकळे होतात. जुन्या हिटरच्या बाबतीत ते पूर्ण खरं नसतं, कारण पाय हळू झालेले असतात. तरुण असताना पळून मिळवलेले इनफिल्ड हिट्स आता आऊट होतात, ते लक नाही, ते वय आहे. स्टॅटकास्टवर स्प्रिंट स्पीड मिळतो, लीगचं ऍव्हरेज सेकंदाला २७ फूट धरतात, आपला माणूस २४ वर असेल तर त्याचं बॅबिप कमीच राहणार हे आधीच धरून चला. आणि डावखुरा पुल हिटर (बहुतेक बॉल पहिल्या बेसच्या बाजूला मारणारा) असेल तर २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे जपून लावा, कारण त्या वर्षापासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर ठेवायचा नियम आला आणि जुना शिफ्ट (एकाच बाजूला जास्त फील्डर लावणं) बंद झाला.

जोरात मारतोय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. डेट्रॉइट टायगर्सचा मिगेल कॅब्रेरा २०१७ मध्ये .२४९ आणि १६ होम रनवर राहिला पण बॉल अजून जोरात लागत होता, त्यामुळे बऱ्याच लोकांनी (माझ्यासकट) म्हटलं की नशीब खराब आहे, पुढच्या वर्षी उसळी मारेल. नंतर कळलं की तो पाठीच्या डिस्कच्या दुखण्यासकट खेळत होता. त्यानंतर एकाही सीझनला त्याचे २० होम रन झाले नाहीत. म्हणून किती सामने चुकले, किती वेळा डीएच (फील्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणून ठेवलं, सलग दोन दिवस खेळल्यावर तिसऱ्या दिवशी कसा दिसतो, हे आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा.

आरबीआयने तर अजिबात फसू नका. अल्बर्ट पुहोल्सने २०१७ मध्ये एंजेल्सकडून १०१ आरबीआय केले, २३ होम रन मारले, ऐकायला छान. पण ऑन-बेस (किती वेळा बेसवर पोचला) .२८६ आणि स्लगिंग (प्रत्येक ऍट-बॅटमागे मारून मिळवलेले बेस) .३८६, म्हणजे दोन्हींची बेरीज, ओपीएस, फक्त .६७२, रोज खेळणाऱ्यांमध्ये त्या वर्षीच्या सगळ्यात खराब सीझन्सपैकी एक होता तो. त्याच्या आधी बेसवर जाणारे लोक होते, माइक ट्राउटसारखे, म्हणून रन्स आल्या. याच्यापेक्षा ओपीएस प्लस किंवा डब्ल्यूआरसी प्लस हे एकूण बॅटिंगचे आकडे बघा, दोन्हीत १०० म्हणजे लीगचं ऍव्हरेज, आणि पार्कचा हिशोब त्यातच होतो, नाहीतर डेन्व्हरच्या उंचीवर खेळणारा आणि समुद्राकाठी खेळणारा यांची तुलनाच होणार नाही. काळाचा हिशोब पण त्यातच होतो, जे फार लोक विसरतात. २००० साली अख्ख्या लीगचं ऍव्हरेज .२७० होतं, २०२२ मध्ये .२४३. लहानपणी डोक्यात बसलेलं .२८० धरून आजच्या .२५५ वाल्याला शिव्या देणं चुकीचं आहे, तो आज ऍव्हरेजच्या वर आहे.

आणि पगार मध्ये आणू नका. पुहोल्सचं एंजेल्सशी दहा वर्षांचं, २४ कोटी डॉलर्सचं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि लोक प्रत्येक आऊटला तोच आकडा काढायचे. कॉन्ट्रॅक्ट चुकलं का हा प्रश्न टीमच्या ऑफिससाठी, तो केव्हाच होऊन गेलाय. आज रात्री लाइनअपमध्ये याच्या जागी दुसरं कोण आहे आणि तो याच्यापेक्षा बरा आहे का, एवढंच विचारा. ट्रिपल ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) मधला पोरगा नुसता तरुण आहे म्हणून बरा ठरत नाही.

शेवटचं, "रोज खेळवा" आणि "सोडून द्या" याच्यामध्ये बरीच जागा असते, म्हणून लेफ्टी आणि राइटी पिचरविरुद्धचे आकडे वेगळे काढा. मे २०२१ मध्ये एंजेल्सनी पुहोल्सला सोडलं. २०२२ ला तो आपल्या जुन्या टीमकडे, कार्डिनल्सकडे परत आला, लेफ्टी पिचर असेल तेव्हा मुख्यतः डीएच म्हणून खेळायला लागला. जुलैच्या ऑल-स्टार ब्रेकपर्यंत .२१५ आणि ६ होम रन होते, परत तीच बोलणी सुरू झालेली. ब्रेकनंतर त्याने आणखी १८ मारले. २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सविरुद्ध त्याचा ७०० वा होम रन गेला, ४२ वर्षांचा होता तेव्हा, आणि त्या रात्री त्याने मारलेल्या दोनपैकी पहिला, ६९९ वा, लेफ्टी पिचरवरच होता.